चाळीस मिनिटांचं वाचन

पहाटे पावणेपाच ते साडेपाच हा वेळ वाचनाचा. घर उठायच्या आत जेवढं होईल तेवढं खरं. एकदा दिवस सुरू झाला की तो आपल्या हातात राहत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव पेपर, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, टू-बी पेन्सिल आणि मोबाइलवर चाळीस मिनिटांचा टायमर. चहा नंतर. परीक्षेत मध्येच उठता येत नाही, म्हणून इथेही उठायचं नाही.

एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा, ज्यांची ती मातृभाषा नाही त्यांच्यासाठी. मी ज्या आराखड्याची तयारी करते आहे त्यात सहा पातळ्या आहेत आणि मी चौथीला बसणार आहे. या पातळीला १,२०० शब्द यावे लागतात. श्रवणाचे ४५ प्रश्न, वाचनाचे ४०, लेखनाचे १५. प्रत्येक विभागाला १०० गुण आणि ३०० पैकी १८० मिळाले की उत्तीर्ण. पहिल्या दोन पातळ्यांत चिनी अक्षरांसोबत त्यांचा उच्चार रोमन लिपीत छापलेला असतो. तिसरीपासून तो आधार जातो. समोर नुसती अक्षरं उरतात.

सुप्याच्या एमआयडीसीत मी क्वालिटी विभागात काम करते. तिथे यंत्रं चिनी, सुटे भाग चिनी, आठवड्यातून दोन-तीनदा चिनी पुरवठादारांशी व्हिडिओ कॉल. त्यामुळे कान आपोआप तयार झाला. बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, हातवारे दिसतात, कळलं नाही तर पुन्हा विचारता येतं. कागद मात्र एकदाच बोलतो. म्हणून माझी सगळी भिस्त या पहाटेच्या वेळेवर आहे.

वाचनाचे तीन भाग. पहिल्या भागात सहा शब्द दिलेले आणि त्यातून रिकाम्या जागा भरायच्या. सहांतला एक शब्द नमुन्यासाठी आधीच वापरलेला असतो. तो पहिल्याच फटक्यात खोडून टाकायचा. राहिलेल्या पाचांत क्रियापद कुठलं, नाम कुठलं, हे कडेला लिहिलं की निम्मं काम होतं. असे पाच-पाचचे दोन गट. याला आठ मिनिटांपेक्षा जास्त द्यायचं नाही.

दुसरा भाग मला सगळ्यांत आवडतो आणि प्रश्नामागे सगळ्यांत जास्त वेळही तोच खातो. एका वाक्याचे तीन तुकडे, ए, बी, सी, उलटसुलट दिलेले. ते क्रमाने लावायचे. समजा तुकडे असे आहेत: ‘तरी ती सगळ्यांच्या आधी पोहोचली’, ‘घाटात ट्रक बंद पडल्यामुळे रस्ता अडला होता’, ‘आज सकाळी माझी बहीण नगरहून निघाली तेव्हा’. मराठीत आपण हे झोपेतही लावू. चिनीत क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, वचन नाही. प्रत्ययांचे जे धागे आपण नकळत पकडतो ते तिथे नाहीत. मग पकडायचं काय? जोड्या. ‘स्वेइरान’ म्हणजे जरी, तो दिसला की ‘दानशर’ म्हणजे पण, तो पुढे कुठेतरी असणारच. ‘बूदान’च्या मागे ‘अर्छ्ये’ येतं: एवढंच नव्हे, तर. ‘छ्वे’, म्हणजे मात्र, असलेला तुकडा सहसा पहिला नसतो. ‘तो’ किंवा ‘ती’ने सुरू होणारा तुकडाही बहुधा पहिला नसतो, कारण तो कोण हे आधी सांगितलेलं हवं. बोलताना तो आणि ती दोन्ही ‘था’च, कागदावर मात्र पुरुषाच्या अक्षराला डावीकडे माणसाची खूण आणि बाईच्या अक्षराला बाईची. कानाला न मिळणारी माहिती इथे डोळ्याला मिळते. असे दहा प्रश्न, बारा मिनिटं.

उरलेली वीस मिनिटं तिसऱ्या भागाची. छोटे उतारे, त्यांवर वीस प्रश्न. त्यांची तयारी मी रात्री करते, तेव्हा तिथेच सांगेन.

चिनी मजकुरात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षरं सारख्या अंतरावर ओळीने उभी असतात; कुठे एका अक्षराचा शब्द, कुठे दोघांचा, कुठे तिघांचा. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. मोडीतही असंच सलग लिहीत. पारनेर तालुक्यातल्या माझ्या माहेरी जमिनीचा एक जुना मोडी कागद आहे. तो वाचायला आलेले गृहस्थ ओळीखाली बोट सरकवत आधी शब्द सुटे करत, मग पुन्हा मागे येऊन अर्थ लावत. मी तेच पेन्सिलीने करते. पहिल्या वाचनात शब्दाशब्दांत हलकी उभी रेघ. पंधरवड्यापूर्वीच्या पेपरवर या रेघा दाट आहेत, आजच्या पेपरवर विरळ. डोळा आता काही शब्द अखंड उचलतो. वाचनाचा वेग वाढतो तो असा. शब्दसंख्या वाढवून नव्हे, माहीत असलेले शब्द न थांबता दिसू लागल्यामुळे.

साडेपाचला टायमर वाजतो. आज पाण्याचा दिवस. मुळा धरणाचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, आलं की टाक्या, हंडे, सगळं भरून घ्यायचं. मोटर लावते, डबे भरते, लेकीला उठवते. सासूबाई म्हणतात, “तू जा गं, बस चुकंल तुझी. बाकीचं मी बघते.” त्यांच्या या एका वाक्यावर माझी पहाट उभी आहे.

सहा-दहाची कंपनीची बस. चास, कामरगावचा घाट, मग सुप्याच्या माळावरच्या पवनचक्क्या. बस हलते, म्हणून उतारे वाचत नाही. मोबाइलमधल्या प्लेको या शब्दकोशातली कार्डं उलटत बसते. सध्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची तयारी चालू आहे. एक कुटुंब पाहा. उजवीकडचा भाग पाचही अक्षरांत तोच, ‘छिंग’ असा काहीसा आवाज देणारा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब असले तर स्वच्छ, स्पष्ट. उभं हृदय असलं तर भावना. बोलण्याची खूण असली तर विनंती, म्हणजे आपलं ‘कृपया’. सूर्य असला तर निरभ्र आकाश. डोळा असला तर डोळाच, फक्त उच्चार थोडा बदलून ‘जिंग’. घाईत वाचताना उजवा भाग ओळखीचा वाटतो आणि डोळा पुढे जातो. पेपर काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून मी डावीकडून वाचायची सवय लावते आहे. डावी बाजू बहुतेकदा अर्थ सांगते, उजवी आवाज.

सात वाजता शिफ्ट सुरू. चीनमध्ये तेव्हा साडेनऊ झालेले असतात. एवढा मोठा देश, पण घड्याळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्रीतून आलेले मेल आधी पाहते. पूर्वी हे सगळं वीचॅटवर चालायचं. २०२० च्या जूनमध्ये त्यावर बंदी आली तेव्हापासून मेल.

या भागात चिनी वाचणाऱ्याची गरज का निर्माण झाली ते सांगायला हवं. रांजणगावला २००७ पासून हायरचा कारखाना आहे, सुप्याला मायडियाचा. आमचा कारखाना भारतीय मालकाचा, पण अशा मोठ्या कारखान्यांना लागणारे प्लॅस्टिकचे भाग बनवतो, आणि आमची मोल्डिंग मशीनं चीनमधून आलेली. पूर्वी मशीन आलं की मागोमाग त्यांचा माणूस यायचा, महिनाभर राहायचा, जोडून, चालवून, शिकवून जायचा. २०२० मध्ये आधी कोविड आला, मग गलवान झालं. थेट विमानं बंद पडली ती २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत, आणि चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळणं काही वर्षं फार अवघड होतं. मशीनं येत राहिली, माणसं आली नाहीत. त्यांच्याऐवजी जाडजूड पुस्तकं आली. इंग्रजी आवृत्ती असते, पण पातळ. जी गोष्ट अडते ती नेमकी चिनी पुस्तकातच सापडते. वाचायला येणारं कुणी शेडमध्ये नसलं की सगळे फोटो काढून तिकडे पाठवायचे आणि उत्तराची वाट बघत मशीन बंद ठेवायचं.

आज सव्वानऊला ऑपरेटर आला. “मॅडम, परत तेच लाल आलंय.” पडद्यावर इंग्रजीत एवढंच: तापमानात बिघाड. त्याने सवयीने थंड पाण्याची लाइन तपासायला घेतली होती. खाली बारीक अक्षरांत चिनी ओळ. तीन आडव्या रेघा म्हणजे तीन, तिसरा टप्पा. मग ‘वन्दू’, तापमान. आणि शेवटचं अक्षर ‘दी’, कमी. म्हणजे बॅरलच्या तिसऱ्या झोनचं तापमान वाढलेलं नाही, उतरलेलं आहे. पाण्याकडे बघायचं कारणच नाही. त्या झोनचा हीटर बँड नाहीतर थर्मोकपल बघायला हवं. फिटरने मीटर लावला. बँड जळाला होता. बदलून, पुन्हा तापवून, पहिला चांगला भाग हातात यायला तास लागला. फोटो पाठवत बसलो असतो तर शिफ्ट गेली असती.

‘वन्दू’ आणि ‘दी’ दोन्ही शब्द चौथ्या पातळीच्या यादीतले आहेत. वेग, दर्जा, प्रमाण, साहित्य, वाढणं, घटणं, हे शब्दही. यादी हातात आली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, निम्मी यादी शॉपफ्लोअरवर भेटतेच म्हणून. पण पेपरात हे शब्द वेगळ्याच घरात राहतात. माझ्या मशीनवर ‘याली’ म्हणजे दाब, बारमध्ये मोजायचा. उताऱ्यात ‘याली’ म्हणजे नोकरीचा ताण, मुलांवरचं दडपण. वेग मशीनचा नसतो, आयुष्याचा असतो. दर्जा भागाचा नसतो, झोपेचा असतो. एचएसकेचे उतारे घरातले, नात्यांतले, आरोग्याचे, प्रवासाचे, नोकरीच्या मुलाखतीचे. म्हणून कारखान्यातलं वाचन आणि परीक्षेचं वाचन यांना मी दोन वेगळ्या वह्या दिल्या आहेत आणि दोन्हींत आलेल्या शब्दाला दोन्हीकडे वाक्य लिहिते.

बारा वाजता कँटीन. नव्या मुलींपैकी एकीने आज विचारलं, “ताई, नगरमध्ये बसून चिनी कशी येणार? त्याला पुण्या-मुंबईला जावं लागतं ना?” परीक्षेला बाहेर जावं लागेल, हे खरं. पण या गावाचा आणि चिनी ग्रंथांचा संबंध माझ्यापासून सुरू होत नाही. तिला किल्ल्याची गोष्ट सांगितली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्यासोबत आचार्य नरेंद्र देवही नगरच्या किल्ल्यात बंदी होते. बौद्ध तत्त्वज्ञान हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचा हिंदी अनुवाद त्यांनी पुसेँ या बेल्जियन पंडिताच्या फ्रेंच ग्रंथावरून केला आणि त्या कामात ते या तुरुंगवासातही होते. पुसेँनी फ्रेंच केलं तेव्हा मूळ संस्कृत हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी मुख्यतः ह्युएन त्संगाच्या चिनी अनुवादाचा आधार घेतला होता. हा ह्युएन त्संग म्हणजे सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल लिहून गेलेला भिक्षू. पुढे राहुल सांकृत्यायनांना तिबेटात संस्कृत पोथी मिळाली आणि त्यातल्या कारिका १९४६ साली छापून आणल्या त्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वासुदेव गोखल्यांनी. गोखल्यांना चिनी आणि तिबेटी दोन्ही येत होतं. शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. गोखले-कोटणीसांसारख्या माणसांनी ही भाषा गंभीरपणे वाचली. आपण ती विसरलो, एवढंच. आज माझ्या टेबलावर चिनी शिकवणारं मराठी पुस्तक एकही नाही, सगळं इंग्रजीतून. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चिनी वाक्य मराठीतून समजून घेणं कित्येकदा सोपं जातं.

ती मुलगी आता पहिल्या पातळीची यादी मागते आहे. उद्या छापून देईन.

साडेतीनला सुटी. परतीच्या बसमध्ये झोपते. केडगाव आलं की शेजारची उठवते.

साडेचार ते आठ घराचे. भाजी, भाकरी, लेकीचा अभ्यास. ती दुसरीत आहे, मराठीचा धडा मोठ्याने वाचते. जोडाक्षराशी अडखळली की मी लगेच सांगत नाही. ओळ संपू दे म्हणते, मग मागे जाऊ. अडलेल्या ठिकाणी थांबून राहिलं की वाक्यच निसटतं, हे तिला सांगते तेव्हा मलाही नीट कळतं.

पावणेनऊला श्रीगोंद्याहून फोन येतो. हे एक तरुण डॉक्टर, चीनमध्ये एमबीबीएस केलेले. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना पदवीआधी एचएसकेची चौथी पातळी पार करावी लागते, कारण शिकवणं इंग्रजीतून असलं तरी रुग्ण चिनीच बोलतो आणि त्याचे कागदही चिनीत असतात. कोविडमध्ये हे घरी अडकले. चिनी विद्यापीठांत नाव असलेले २३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी तेव्हा असे अडकले होते; विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू झाले ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये. मधली दोन वर्षं यांनी शेतातल्या घरात बसून ऑनलाइन तासांसोबत एचएसकेची तयारी केली. आता ते माझे वाचनाचे मास्तर. मला ताई म्हणतात, मी त्यांना डॉक्टर म्हणते.

तिसरा भाग आम्ही दोघं मिळून करतो. त्यांचा पहिला नियम: उताऱ्याकडे बघायचंच नाही, आधी खालची तारांकित ओळ वाचायची. प्रश्न काय आहे हे कळलं की उताऱ्यात काय शोधायचं ते कळतं. दुसरा नियम: अनोळखी अक्षराला घाबरायचं नाही, त्याचं अंग बघायचं. “ताई, चंद्राचं अक्षर डावीकडे दिसलं ना, की चंद्र विसरा. ते शरीर असतं बहुतेकदा.” आणि खरंच, चेहरा, पाय, पोट, सगळ्यांच्या डावीकडे तेच. वरून आणि डावीकडून कवेत घेणारी एक खूण आहे, दोन छोटे फटकारे असलेली; ती आजाराची. दुखणं, रोग, अगदी बारीक होणंसुद्धा तिच्या आत लिहितात. शब्द न येता उतारा दवाखान्याचा आहे एवढं कळतं आणि चार पर्यायांपैकी दोन तिथेच गळतात.

आज एका उताऱ्यावर बराच वेळ गेला. नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात जावं लागलेल्या माणसाचा उतारा. त्यात ‘बूदबू’ होतं: दोन नकार, मधे एक अक्षर. पर्यायांत ‘त्याला जायचं नव्हतं म्हणून तो गेला नाही’ असंही एक होतं आणि नकार दिसला की हात तिकडेच जातो. पण दोन नकारांचा अर्थ, गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मराठीत आपण दिवसातून दहादा असं बोलतो: गेल्याशिवाय चालणार नव्हतं, केल्याशिवाय राहवत नाही. मराठीतून पाहिलं आणि गाठ सुटली. मघाशी म्हटलं ते याचसाठी. उत्तराचा पर्याय उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे सहसा वापरत नाही. जो पर्याय शब्दशः जुळतो त्याच्याकडे आधी संशयाने बघायचं, हा डॉक्टरांचा तिसरा नियम.

पावणेदहाला फोन ठेवला. मग पहाटेचा पेपर तपासला. पहिला भाग पूर्ण बरोबर. दुसऱ्यात जे प्रश्न गेले ते सगळे एकाच जातीचे, ज्यांत जोडशब्दच नव्हते आणि क्रम नुसत्या अर्थावरून लावायचा होता. तिसऱ्यातले शेवटचे सहा प्रश्न, ८० ते ८५, कोरे राहिले. त्यांत तीन मोठे उतारे असतात, प्रत्येकावर दोन प्रश्न. श्रवणानंतर उत्तरपत्रिका भरायला वेगळी पाच मिनिटं मिळतात, वाचनाला मिळत नाहीत. उत्तरं भरायची ती याच चाळीस मिनिटांत. म्हणजे हातात खरी अडतीसच.

त्यामुळे क्रम बदलायचं ठरवलं. वाचनाच्या १०० गुणांत तिसऱ्या भागाचे प्रश्न निम्मे आहेत आणि डोकं ताजं असतं तेव्हा मी ते उरकत नाही, थकल्यावर त्यांच्याकडे जाते. उद्या पहाटे ६६व्या प्रश्नापासून सुरुवात. ८५ पर्यंत वीस मिनिटं, मग पहिला भाग आठ मिनिटांत, शेवटी क्रम लावायचे दहा. त्यांतला एखादा अडला तर सोडून पुढे. रविवारी डॉक्टर पूर्ण पेपर घेणार आहेत. तोवर तीन पहाटा आहेत, तिन्ही याच क्रमाने.